दादाच्या नावाखालच्या ओळी

८ जानेवारी

दादा,

नमस्कार घे आणि नीट टेकून बस, पत्र लांबणार आहे. तुझ्याकडे फोन केला की तू कुजबुजतोस, आणि कुजबुजणाऱ्या माणसाशी मला धड भांडता येत नाही. म्हणून लिहिते. घरच्या मेलवरून लिहिते, कारण ऑफिसच्या मेलमधलं सगळं साहेबांच्या नजरेखालून जातं.

बातमी अशी की बिल्डचं काम माझ्या गळ्यात पडलं. आधीचे गृहस्थ सोडून गेले आणि त्या वेळी मी नेमकी साहेबांच्या समोरच्या खुर्चीत होते. माझी पत्रं तू वहिनींना वाचून दाखवतोस, तेव्हा हे त्यांच्यासाठी: वहिनी, आम्ही सगळे आपापल्या मशीनवर तुकडे तुकडे लिहितो. ते तुकडे जोडून त्यातून चालता प्रोग्राम उभा करायचा, त्याला बिल्ड म्हणतात. काय आधी जोडायचं, काय नंतर, कशाचा आवाज चालू ठेवायचा, हे सगळं एका फाइलीत लिहिलेलं असतं. ती फाइल सगळ्यांची मिळून एकच. दादाने तिच्यात एक अक्षर बदललं तर ते सगळ्यांकडे बदलतं. आणि आमचा प्रोग्राम म्हणजे कोल्ड स्टोरेजचा पहारेकरी. खोली तापायला लागली की भोंगा वाजवतो, बाकी वेळ गप्प बसून पगार खातो.

तर ती फाइल उघडली आणि डोकं धरून बसले. जो आला त्याने आपल्या नावाचा एक कप्पा करून ठेवलाय. अमका माणूस बिल्ड करत असेल तर असं कर, तमकी बाई करत असेल तर तसं. कोणाला अक्षरं मोठी हवीत, कोणाचं सामान भलत्याच जागी ठेवलेलं, कोणाला कीबोर्डची निम्मी बटणं नकोत. नोकरी सोडून गेलेल्यांचे कप्पेही तसेच, भाड्याच्या घरात जुन्या भाडेकरूंचं टपाल येत राहावं तसे. साहेब म्हणाले, सगळ्यांच्या फाइलीत कोणाचं खासगी काही नको, कप्पे काढून टाका.

सुरुवात तुझ्यापासून केली. तुझ्या नावाखाली चार ओळी होत्या, त्या उडवल्या. मी तुझी मावसबहीण, मला इथे चिकटवलंस तू, हे इथल्या भिंतींनाही माहीत आहे. इतरांचे आधी काढले असते तर म्हणाले असते, बाई भावाला सांभाळते. म्हणून मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं, पहिला कप्पा माझ्या दादाचा काढलाय, आता कोणी कुरकुर करायची नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबही खूश दिसले.

तुझी काही अडचण नाही ना? नसणारच. वहिनी कशा आहेत ते कळव.

चिंगी


११ जानेवारी

चिंगे,

बरं केलंस. अडगळच होती ती, मीच कधीची काढीन म्हणत होतो.

मीटिंगमध्ये माझं नाव पहिलं घेतलंस हेही योग्य झालं. 'भावाच्या वशिल्याने आली' हे तुझ्या पाठीमागे बोलतात. मी घरून काम करायला लागल्यापासून 'बहिणीच्या जिवावर टिकलाय' हे माझ्या पाठीमागे बोलतात. आपण दोघं एकमेकांना जितकं कमी सांभाळू तितकं दोघांच्या सोयीचं.

फक्त बाकीच्यांचे कप्पे काढताना ज्याला त्याला विचारत जा, की बाबा हे कशासाठी होतं. माझ्याबद्दल म्हणत नाही. सर्वसाधारण सांगतो.

तुझ्या वहिनीचं आहे तसंच चाललंय. झटक्याला आता दोन वर्षं होतील. उजवी बाजू काही हलत नाही. बोलणं थोडं सुधारलंय, पण चार शब्दांत दमते आणि मग हात हलवून 'जाऊ दे' म्हणते. डॉक्टर म्हणतात डाव्या हाताने लिहायची सवय करा. ती कंटाळा करते. तुझं पत्र वाचून दाखवलं. पगार खाणारा पहारेकरी ऐकून हसली.

दादा


१९ फेब्रुवारी

दादा,

कप्पे संपले. फाइल आता इतकी आटोपशीर झाली की एका पानावर मावते. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी मान खाली घालून ऐकलं आणि घरी येऊन न जेवता झोपले. कशाने दमले कोणास ठाऊक. भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं. कोणीच भांडलं नाही, कप्पा उडवला की नुसतं 'ठीक आहे' म्हणायचे आणि पाठ फिरवायचे. तू म्हणालास तसं विचारलं नाही मी. एकेकाचं ऐकत बसले असते तर वर्ष गेलं असतं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. साहेबांनी भिंतीवर एक मोठा पडदा लावलाय. कोणाचं बिल्ड झालं, कोणाचं अडलं, कोणाचं काम किती उशिरा आलं, सगळं नावासकट त्यावर येतं. तुझं नाव रोज लाल रंगात असतं. पूर्वी सगळ्यांच्या आधी तुझं काम यायचं. आता सकाळचं संध्याकाळी येतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी. चष्मेवाला आठवतो ना, तुझ्या जुन्या खुर्चीत बसतो तो? काल म्हणाला, 'मशीन झोपतंय की भाऊ झोपतात?' लोक हसले. मीही हसले दादा, कारण नसते हसले तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. वाईट वाटलं नंतर.

खरं ते सांगते. मार्च उलटला की साहेब माणसं कमी करणार आहेत आणि कोणाला घालवायचं ते त्या पडद्याकडे बघून ठरणार आहे. मला तुझ्यासाठी तोंड उघडता येत नाही. उलट तुझं काम तपासायचंही मी सोडलं, ते चष्म्याकडे दिलं, म्हणजे पुढे बोलायला जागा नको. तेव्हा तूच काहीतरी कर. नवं मशीन घे. झालंय तरी काय?

चिंगी


२४ फेब्रुवारी

चिंगे,

काही झालेलं नाही. वीज जाते, नेट रडतं, आणि मशीन मालकाइतकंच म्हातारं झालंय. दोघांनाही उठवायला वेळ लागतो.

पडद्याचं सांगितलंस ते बरं केलंस. माझ्या वयाच्या माणसाला आता दुसरीकडे कोणी उभं करणार नाही, आणि घरी बसून करू देणारं काम तर मुळीच मिळणार नाही. हिला सोडून मला दाराबाहेरही जाता येत नाही. म्हणजे ही नोकरी गेली तर काय होईल याचा हिशोब मी तुझ्या आधीच केलेला आहे. मी एक सोय केली आहे. आता काम वेळेवर येईल.

माझ्यासाठी तिथे एक शब्द बोलू नकोस. हे मी मनापासून सांगतोय, रुसून नाही.

तुझं हे पत्र हिला वाचून दाखवलं नाही. ऑफिसची कटकट आहे म्हणून सांगितलं.

दादा


२० मार्च

दादा,

हे काय करून बसलास?

तीन आठवडे तुझं नाव हिरवं होतं. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला होता. आणि आता हे. मागच्या आठवड्यात गिऱ्हाइकांकडे जो नवा प्रोग्राम गेला त्याचा भोंगाच वाजत नाही. एका फुलांच्या व्यापाऱ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये थंडीचं यंत्र बंद पडलं, खोली तापत गेली, आमच्या प्रोग्रामला ते कळलंही, तिथल्या पडद्यावर लाल अक्षरं आली, पण आवाज नाही. रखवालदार शेजारच्या खोलीत बसून होता. सकाळी दार उघडलं तर खोकीच्या खोकी फुलं काळी पडलेली.

साहेबांनी सगळं उकरून काढायला लावलं. सापडलं ते आमच्या त्या एकपानी फाइलीतच. मधोमध एक ओळ, 'भोंगा बंद'. कोणासाठी बंद, काही लिहिलेलं नाही. म्हणजे सगळ्यांसाठीच. आणि ती ओळ तुझ्या मशीनवरून आलेली. चष्म्याला ती दिसली नाही म्हणतो. त्याला कशी दिसली नाही तेही मला कळत नाही.

मला शुक्रवारी अहवाल द्यायचाय. काय झालं, कोणामुळे झालं, नाव लिहून. साहेब म्हणाले, तुमचे भाऊ आहेत हे मला माहीत आहे, म्हणूनच तुम्ही लिहा.

मला तुझा राग आलाय आणि त्याहून जास्त भीती वाटते आहे. ही ओळ तुझ्या त्या जुन्या कप्प्यातली आहे, मीच काढली होती, मला आठवते. अडगळ होती म्हणालास ना? मग अडगळ परत घरात कशाला आणलीस? त्या चार ओळींत असं होतं तरी काय? या वेळी नेटाचं आणि विजेचं सांगू नकोस.

चिंगी


२१ मार्च

चिंगे,

विचारलंस म्हणून सांगतो. नाहीतर सांगणार नव्हतो.

माझं मशीन हिच्या खाटेच्या पायथ्याशी असतं. दुसरी खोली आहे, पण तिथून हिची हाक ऐकू येत नाही. पहिली ओळ अशी होती की बिल्ड एका वेळी एकच काम करील. मशीनने चार कामं एकदम हाती घेतली की त्याचा पंखा घोंघावायला लागतो आणि हिची दुपारची डुलकी मोडते. दुसरी ओळ, बिल्ड मध्येच सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून न करता सोडलं तिथून पुढे करायचं. मला दर थोड्या वेळाने उठून हिची कूस बदलावी लागते, भांडं द्यावं लागतं. ती ओळ गेल्यापासून मी उठलो की मागचं सगळं काम पाण्यात. तिसरी ओळ, लागणारं सामान दर वेळी नेटवरून न आणता जवळचंच वापरायचं, कारण या खोलीत नेट नावापुरतंच पोचतं.

चौथी भोंग्याची. प्रोग्राम तपासायचा तर भोंगा वाजणारच. मशीनचा आवाज बारीक करून भागत नाही, कारण वाजायच्या आधी आपला प्रोग्राम स्वतःच आवाज पूर्ण वर नेतो. रखवालदाराने कंटाळून बारीक करून ठेवला असेल तरी वाजला पाहिजे, ही अक्कल माझीच. कानाला हेडफोन लावून बसलो तर हिची हाक जाते, आणि तिची हाक आधीच केवढीशी. झटका आल्यावर दोनतीन महिन्यांनी एका दुपारी मी भोंगा तपासत होतो. मी पाणी आणायला आत गेलेलो. भोंगा वाजला, ही दचकली आणि खाटेवरून खाली पडली. कमरेला मार बसला. जे थोडं पाऊल टाकायला लागली होती तेही त्या दिवसापासून संपलं. त्याच दिवशी मी त्या ओळी लिहिल्या. तेव्हापासून या घरात काहीही वाजत नाही. दारावरची घंटाही काढून ठेवली आहे.

मग तू ओळी काढल्यास. मी बोललो असतो तर तू त्या परत घातल्या असत्यास, आणि तुझ्यावर बोट आलं असतं. म्हणून फेब्रुवारीत मी माझ्यापुरती एक जुनी फाइल जपून ठेवली. काम करताना ती घालायची, तुमच्याकडे पाठवताना काढायची. माझ्याच मशीनवर माझं नाव कशाला लिहायचं, म्हणून नावाची अट गाळून नुसत्या ओळी ठेवल्या. रोज घालायचो, रोज काढायचो. त्या दिवशी हिला ताप होता, चादर दोनदा बदलावी लागली, आणि काढायचं राहून गेलं. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही. पंचवीस वर्षं हे काम केल्यावर मी अशी चूक केली.

सोबत राजीनामा जोडलाय. अहवालात माझं नाव स्वच्छ लिही आणि राजीनामा तूच साहेबांच्या हातात दे. नात्यागोत्याचा विचार केला नाही असं दिसलं की तुझं तिथलं आसन पक्कं होईल. आमचं बघू.

दादा


२५ मार्च

दादा,

राजीनामा दिला नाही.

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. मग शुक्रवारी मीटिंगमध्ये अहवाल वाचायचा होता तो वाचलाच नाही. म्हटलं, ओळ माझ्या भावाच्या मशीनवरून आली, पण ती त्याच्या नावाच्या कप्प्यात होती तोवर तिने कोणाचं वाकडं केलं नव्हतं. कप्पा मी काढला, न विचारता काढला, आणि तो माझा भाऊ म्हणून सगळ्यात आधी काढला. मग त्या चार ओळी कशासाठी होत्या ते एकेक सांगितलं. वहिनींची खाट, पंखा, कूस बदलणं, भोंगा, पडणं, सगळं.

मग टेस्टिंगच्या बाई म्हणाल्या, 'माझ्याकडेपण आहे हो जुनी फाइल. मनगट गेलंय माझं. ती निम्मी बटणं मला दाबता येत नाहीत म्हणून काढलेली होती.' मग चष्मेवाला. मोठी अक्षरं त्याची होती, दादा. डोळ्यांचं काहीतरी निघालंय, आणि कोणाला कळू नये म्हणून दोन महिने पडद्याला नाक लावून बसत होता. तुझी ओळ त्याला का दिसली नाही ते तेव्हा कळलं. मग एकेक जण बोलायला लागला. अर्ध्याहून जास्त लोकांनी जुन्या फाइली लपवून ठेवल्या होत्या, रोज घालत होते, रोज काढत होते, तुझ्यासारखेच. आज तुझ्या हातून सुटली, उद्या कोणाच्याही हातून सुटली असती. साहेब म्हणाले, 'मग मला कोणी सांगितलं का नाही?'

ठरलं ते असं. दोष व्यवस्थेचा, असं अहवालात जाणार आणि कप्पे काढणारी म्हणून माझं नाव जाणार. व्यापाऱ्याची भरपाई कंपनी करेल. आता ज्याची त्याची फाइल ज्याच्या त्याच्या मशीनवर. सगळ्यांच्या फाइलीत शेवटी एवढंच लिहायचं की शेजारी माणसाची स्वतःची फाइल असेल तर ती वाच, नसेल तर पुढे चल. ती खासगी फाइल कोणी चुकून पाठवली तरी सगळ्यांचं काम जिथे जमा होतं ते आमचं कोठार ती आत घेणारच नाही. आणि गिऱ्हाइकाकडे जाणारं बिल्ड अशा मशीनवर होईल जिथे कोणाचीच फाइल नाही. इतकी साधी गोष्ट, आणि मी जानेवारीत झाडू घेऊन निघाले होते.

तुला काढणार नाहीत. फक्त जूनपर्यंत तुझं काम आत घेण्याआधी आपल्या गटातली ती नवी मुलगी तपासेल. साहेबांना वर काहीतरी दाखवायला हवं म्हणून. एवढं सोस.

चिंगी


२६ मार्च

चिंगे,

माझ्या घरातली खाट तू मीटिंगच्या टेबलावर मांडलीस.

तिला भांडं कोण देतं, तिची कूस कोण बदलतं, ती कशी पडली, हे आता चष्मेवाल्याला माहीत आहे. तिला विचारलं होतंस? मला विचारलं होतंस? तू विचारलंस म्हणून मी तुला सांगितलं, तुझ्या ऑफिसला नाही.

आणि ती नवी मुलगी माझं काम तपासणार. तिला या कामाची बाराखडी मी शिकवली.

राजीनामा मी आज साहेबांना थेट पाठवला आहे. आता यावर लिहू नकोस. मी दमलोय.

दादा


४ एप्रिल

दादा,

लिहू नकोस म्हणालास तरी लिहिते. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी कुजबुजशील.

साहेबांनी तुझा राजीनामा खणात ठेवलाय, त्यावर सही केलेली नाही. म्हणाले, पंधरा तारखेपर्यंत थांबतो, पुढे माझा नाइलाज आहे. मी त्यांना काहीही म्हटलं नाही. या वेळी खरंच नाही.

तू म्हणतोस ते बरोबर आहे. ओळी काढताना मी विचारलं नाही आणि घरचं बोलतानाही विचारलं नाही. पहिल्यांदा तुला वाचवायचं नाही म्हणून घाई केली आणि दुसऱ्यांदा वाचवायचं म्हणून. दोन्ही वेळा तू नुसता ऐकून घेणारा. याची मला लाज वाटते. पण तुझी नोकरी गेली असती आणि मी तुझं नाव स्वच्छ अक्षरात लिहून साहेबांसमोर शहाण्यासारखी बसले असते, तर ते मला अजिबात झेपलं नसतं.

इथे सगळ्यांनी आपापल्या फाइली केल्या. चष्म्याची अक्षरं आता खिडकीबाहेरूनही वाचता येतात. तुझ्या मशीनवर मात्र तुझी फाइल तूच करायची आहे. तिच्यात काय लिहिलंस ते मला दिसणार नाही, साहेबांनाही दिसणार नाही.

मला खूप थकायला झालंय रे. तू तिथे नसलास तर मला त्या ऑफिसात जायचं कारण उरत नाही, हे एकदा सांगून टाकते.

चिंगी


९ एप्रिल

चिंगी

वहिनी लिहिते. डाव्या हाताने. एकेक अक्षर शोधून. सकाळपासून लिहिते आहे. तो खुर्चीत झोपलाय. मशीन खाटेवरच उघडं राहिलं. माझ्या हाताच्या अंतरावर. तुमची सगळी पत्रं वाचली. मला त्याने पहारेकऱ्यापर्यंतचीच वाचून दाखवली होती.

मी भोंग्याने पडले नाही.

मला बाथरूमला जायचं होतं. त्याला हाक मारायची लाज वाटली. दिवसातून किती वेळा मारायची. म्हटलं, दोन पावलं टाकता येतात, जाऊन येऊ. आणि पडले. भोंगा वाजला तेव्हा मी जमिनीवरच होते. तो धावत आला आणि म्हणाला, भोंग्याने दचकलीस ना. मी मान हलवली. तेव्हा बोलताही येत नव्हतं. आणि खरं सांगण्यापेक्षा ते बरं वाटलं.

मग त्याने घर गप्प केलं. घंटा काढली. फोन मुका केला. स्वतः पाय न वाजवता चालतो. मला वाटलं होईल आठ दिवसांनी बंद. दोन वर्षं झाली. आता सांगू कशी. तो माझ्यासाठी करतो.

मला आवाज हवेत ग. दिवसभर छत बघते. खाली रस्त्यावर कोणी गाडी मागे घेतं तेव्हा तिचं पी पी ऐकते. दिवसातली तेवढीच बातमी.

माझं ऑफिसात बोललीस त्याचा मला राग नाही. माझ्याबद्दल कोणीतरी मोठ्याने बोललं. टेस्टिंगच्या बाईंचा त्याला फोन आला. कुजबुजला, पण पाऊण तास कुजबुजला. एकदा हसलासुद्धा.

नोकरी त्याने सोडू नये. चोवीस तास माझ्याकडे बघत बसला तर मी उरलेल्या बाजूनेही जाईन.

तो उठला की हे सगळं त्याला सांगणार. लिहूनच दाखवीन. फार भीती वाटते. पण तुम्ही दोघं एकमेकांना न सांगता किती थकलात ते वाचलं. मी त्यात तिसरी.

वहिनी


१४ एप्रिल

चिंगे,

तिने दाखवलं. माझ्यासाठी तिने अर्धं पान लिहिलं होतं, त्यावर तारीखसुद्धा घातली होती.

स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. रागच आला आधी, खोटं कशाला सांगू. दोन वर्षं मी स्वतःच्या घरात चोरासारखा चाललो. मग वाटलं, मी तरी तिला एकदा विचारलं का, की तू पडलीस कशी? मीच सांगितलं आणि मीच ऐकलं. बाहेर येऊन तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, अजून काय काय आहे. तर बाई दुपारभर पाढा वाचत होती, थोडं तोंडाने, थोडं लिहून. उशी फार उंच असते. खाट खिडकीकडे फिरव. भाजीचा लगदा करू नकोस, दात शाबूत आहेत. दर तासाला 'बरं वाटतंय का' विचारू नकोस. हाक मारायची लाज वाटते ती मात्र वाटतच राहील, त्याला इलाज नाही, तू फक्त तोंड दुसरीकडे करत जा.

साहेबांना काल लिहिलं, राजीनामा परत द्या. दिला. नव्या मुलीने माझ्या कामात दोन चुका काढल्या. एक खोटी होती, एक खरी होती. खरी बरीच ढोबळ होती. झोप झाली नसेल तर अशा होतात, असं तिने खाली लिहिलं. पोर चांगली आहे.

माझी फाइल केली. तिच्यात काय आहे ते सांगणार नाही.

तुझ्यावर रागावलो होतो, तो राग थोडा अजून आहे. राहू दे, जाईल हळूहळू.

आता एक मागतो. तुझ्याकडे मी कधी काही मागितलं नाही, लोक काय म्हणतील म्हणून. आता म्हणू देत त्यांना काय म्हणायचं ते. शनिवारी ये आणि रविवार रहा. तिला कसं उचलायचं ते मी दाखवीन, अवघड नाही, गुडघ्यात वाकायचं, कमरेत नाही. तिच्याजवळ बस, तिला खूप बोलायचंय आणि तिचा एकेक शब्द यायला वेळ लागतो, तेवढी थांब.

मला झोपायचंय, चिंगे.

दादा